पोटमाळा, मोरी, गॅलरी : मुंबईच्या घरातल्या अडनिड्या जागांची गोष्ट



सध्या आपल्या उपनगरांत जिकडे बघावं तिकडे पुनर्विकास सुरू आहे. घाटकोपर घ्या, मुलुंड घ्या, अंधेरी-बोरिवली घ्या. ज्या इमारतीत सून म्हणून आलो तीच इमारत पाडून टॉवर होणार, आणि नवीन घराचा नकाशा टेबलावर पसरलेला असतो. पुरुषमंडळी हॉलचं माप मोजतात. आपली नजर मात्र दुसरीकडे जाते. माळा कुठे आहे? कपडे सुकवायचे कुठे? ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात हात पोचेल का? आणि देव कुठे बसतील?

नकाशा काढणाऱ्याच्या लेखी या उरलेल्या जागा असतात. दाराच्या मागची, तुळईखालची, जिन्याच्या पोटातली, बाथरूमच्या वरची. या उरलेल्या जागांनाच इतिहास आहे. त्या कशा जन्मल्या आणि त्यांत कोण राहिलं, हे पाहताना एक गोष्ट मला फार लागली. पूर्वी घरं लहान होती आणि अशा कोपऱ्यांत माणसं राहायची. आता घरं मोठी झाली आणि त्याच कोपऱ्यांत वस्तू राहतात. हे कसं झालं, आणि नवीन घरात जाताना त्यातून आपण काय घ्यावं, ते आज लिहिते.

जाड भिंतीतली सोय

आपल्यापैकी अनेकींची मुळं सांगली, कोल्हापूर, बेळगावकडची. तिकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन हात जाड. एवढी जाडी फुकट का घालवायची, म्हणून त्यातच कोनाडे काढले. दिव्यासाठी छोटी देवळी, ग्रंथासाठी आणि जपमाळेसाठी वेगळा कोनाडा, भांड्यांसाठी फडताळ. धान्यासाठी भिंतीतच बांधलेलं बळद असे. पाण्याच्या घागरी जमिनीवर ठेवत नसत, घडवंचीवर ठेवत. खालची जमीन झाडता-पुसता येई आणि मुंग्या दिसत. वर मडक्यांची उतरंड, आडव्या दांडीवर घोंगडी. जमीन मोकळी आणि भिंत कामाला लावलेली, अशी ती रीत होती.

जमिनीच्या पोटातली जागाही सोडली नव्हती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. वर अरुंद तोंड, आत मोठं पोट, अशा खड्ड्यात हळद भरून तोंड बंद करायचं. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देत. २००५ च्या महापुरात या पेवांचं फार मोठं नुकसान झालं. पण पेवाचा धडा साधा आहे: बंद जागेत काही ठेवायचं असेल, तर ती जागा कधी आणि कशी उघडायची हे आधी ठरवावं लागतं.

अंधारातून आलेला प्लेग

गाव सोडून मंडळी मुंबईला आली तेव्हा जाड भिंत मागे राहिली, आणि अंधार मात्र वाढला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सापडला तो मांडवी भागात. बंदराजवळची वस्ती, धान्याची गोदामं, दाटीवाटीची घरं. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. मांडवी म्हणजे आपल्या व्यापारी बांधवांची जुनी वस्ती. कच्छी जैन शेठ नरशी नाथा यांच्या नावाचा रस्ता आजही तिथेच आहे. तळाला धान्याची पोती आणि वर माणसं, असा तो संसार होता. धान्याला उंदीर, उंदराला पिसू, आणि पिसवेतून माणसाला प्लेग.

त्यानंतर १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला: मुंबई शहर सुधारण्यासाठी, म्हणजे मुख्यतः अंधाऱ्या वस्त्या मोकळ्या करण्यासाठी. या ट्रस्टचा एक नियम मला फार आवडतो. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ऐकायला कठीण वाटतो, पण हिशोब सोपा आहे: तुमच्या खिडकीसमोर जेवढी उंच भिंत, तिच्या निम्मं अंतर मधे मोकळं हवं. समोर चाळीस फुटांची इमारत असेल, तर वीस फूट जागा सोडा. म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसेल आणि उजेड पोचेल.

आपल्या दृष्टीने पाहा. उंदीर, झुरळं, वाळवी, पाली घरात झाल्यावर आपली केवढी पंचाईत होते. मारायचं तर मन धजत नाही आणि ठेवायचं तर मुलाबाळांचं आरोग्य. ही वेळ येऊच नये म्हणून आपल्याकडे यत्नाचार सांगितला आहे. श्वेतांबर भगिनी त्यालाच जयणा म्हणतात. जीव उत्पन्न होतील अशी स्थितीच होऊ द्यायची नाही. उजेड, वारा, कोरडेपणा आणि रोज हात फिरणं. मांडवीच्या प्लेगनंतर सरकारला जे कायद्याने करावं लागलं, ते आपल्या आजीच्या आचारात आधीपासून होतं. फरक इतकाच, की एका खोलीच्या बिऱ्हाडात तो आचार पाळायला जागा कुठे होती?

एकशेसाठ फुटांचा संसार

१९२० च्या सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झालं. त्याच बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या. गुणाकार केला तर साडेसोळा हजारांच्या वर खोल्या होतात. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास सामाईक. खोलीत एका कोपऱ्यात मोरी.

त्याच दशकात, १९२६ मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सत्तर चौरस फूटसुद्धा नाही. बाईची पावलं किती पडतात ते मोजून त्यांनी ओटा, खिडकी, फळ्या बसवल्या. इस्त्रीची फळी भिंतीला लागून मिटणारी. पिठासाठी ओक लाकडाचे खण, कारण त्या लाकडामुळे पिठात अळ्या होत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. पिठातल्या अळीचा विचार करणारी बाई सातासमुद्रापारही होती!

तिकडे सत्तर फुटांत फक्त स्वयंपाकघर, आणि इकडे एकशेसाठ फुटांत अख्खं कुटुंब. मग आपल्या बायकांनी काय केलं? जागेच्या ऐवजी वेळेची वाटणी केली. पहाटे पुरुष उठायच्या आत मोरीत आंघोळी. सकाळी तीच खोली स्वयंपाकघर. दुपारी मुलांचा अभ्यास आणि शेजारणींचं निवडणं-टिपणं. रात्री वळकट्या सोडल्या की झोपायची खोली. जपानी लोकही दिवसा गाद्या कपाटात गुंडाळून ठेवतात आणि त्याचं जगभर कौतुक होतं. आपल्या चाळीतल्या वळकटीचं कौतुक कोणी केलं नाही!

मग उंची वापरली. जुन्या खोल्यांचं छत उंच, म्हणून अर्ध्या भागावर फळ्या टाकून पोटमाळा केला. तिथे मॅट्रिकचा मुलगा अभ्यास करी, गावाहून आलेला दीर राही, कधी नवं जोडपंही. पलंगाच्या पायांखाली विटा दिल्या की खाली ट्रंक मावे आणि एक मूलही झोपे. गॅलरीत आजोबा आणि तरुण मुलं झोपत. घरात बाळंतीण असेल तर जुन्या लुगड्याचा पडदा दोरीवर टाकून कोपऱ्याची खोली होई. जिन्याखाली इस्त्रीवाला किंवा पानवाला. तोच रात्री चाळीचा पहारेकरीही.

हे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. १९७० चा राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' हा चित्रपट आठवा, ज्यावरून १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' निघाला. नव्या नवरा-नवरीला बोलायलाही कोपरा नाही, हीच त्याची गोष्ट. आपण हसलो, कारण ते खरं होतं. आणि अडचणीची जागा बहुतेक वेळा कोणाच्या वाट्याला यायची? नव्या सुनेच्या, विधवा आत्याच्या, शिकायला आलेल्या पोरक्या भाच्याच्या. कोपरा मिळणं म्हणजे घरात ठेवून घेतलं जाणं. अपुरा, अंधारा, पण माणसासाठी होता.

कुटुंबं वाढली तरी घरं का बदलली नाहीत, याला कायद्याचंही कारण आहे. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी गोठली. भाडेकरूला ती खोली सोडणं परवडेना, आणि मालकाला दुरुस्ती परवडेना. मग बाहेर जाता येत नाही म्हणून घर आतल्या आत वाढलं. वर पोटमाळा, पुढे गॅलरीला जाळी, मागे मोरीवर फळी. मुंबईतले कितीतरी पोटमाळे त्या गोठलेल्या भाड्याची लेकरं आहेत.

गच्चीवरचे पापड

या उरलेल्या जागांनी बायकांना पैसेही मिळवून दिले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या आणि ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तीच पुढे लिज्जत पापडची श्री महिला गृह उद्योग संस्था. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. भांडवल ८० रुपयांचं होतं हे सगळे सांगतात. पण दुसरं भांडवल होतं गच्ची, आणि तिच्यावर पडणारं फुकटचं ऊन. पुढे पीठ संस्थेतून न्यायचं आणि पापड आपापल्या घरी लाटून-वाळवून परत द्यायचे अशी पद्धत बसली. म्हणजे वाळवायला स्वच्छ, कोरडी जागा असणं ही कमाईची पात्रता ठरली. बाईच्या घरातला उन्हाचा कोपरा तिच्या हातात पैसा आणू लागला.

दुसरं उदाहरण गिरणगावातलं. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार जेवायचे कुठे? शेजारच्या खाणावळवाल्या बाईकडे. चुलीपाशी पाच-सात हात जागा, तिच्यातून वीस-पंचवीस माणसांची ताटं निघत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराच्या व्याजातून सुटका झाली. बँकेने तारण म्हणून काय बघावं? या बायकांजवळ घर नव्हतं, सोनं नव्हतं. होता तो एक कोपरा आणि त्यातलं रोजचं काम.

उपनगर आणि दीड मीटर

आता आपल्याकडे येऊ. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर हा पट्टा मुंबई महापालिकेत आला आणि १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंड. मुलुंडला तर १९२२ च्या सुमारासच क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी काटकोनात रस्ते आखले होते. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती झाल्या. घाटकोपरचं पंतनगर, अंधेरीचं डी. एन. नगर. चाळीतून निघून वन रूम किचनमध्ये येणं म्हणजे तेव्हा केवढी मोठी उडी! स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. मोरीची झाली बाथरूम, आणि बाथरूमच्या डोक्यावर आला माळा.

या माळ्याची मापं आपल्याला वाटतं गवंड्याने ठरवली. तसं नाही. १९६४ मध्ये मुंबईत एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, आला. हजार मीटरच्या प्लॉटवर एकूण किती मीटर बांधायचं याचं बंधन. उपनगरात तो बराच काळ १ होता. जेवढा प्लॉट तेवढंच बांधकाम. मग बांधणाऱ्याचं लक्ष गेलं ते 'मोजणीत न धरल्या जाणाऱ्या' जागांकडे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत माळ्याची व्याख्याच दिली आहे. दोन मजल्यांच्या मधला, सामान ठेवण्यासाठीचा भाग. त्याची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको. जास्त झाली, तर तो एफएसआयमध्ये मोजला जाईल.

दीड मीटर म्हणजे चार फूट अकरा इंच. आपल्यातली बहुतेक कोणी तिथे ताठ उभी राहू शकणार नाही. मैत्रिणींनो, माझ्या मते सगळी गोष्ट इथे वळली. चाळीतल्या पोटमाळ्यावर माणूस राहत होता. आता कागदावरच लिहिलं गेलं की इथे माणूस नाही, सामान राहील. माणसाने दाटीत राहू नये हा त्यातला हेतू चांगला होता, मी नाकारत नाही. पण एकदा जागा सामानाच्या नावे झाली, की ती भरायला सामान आपोआप येतं. टीव्हीचं खोकं, लग्नातली न वापरलेली डिनर सेट, मुलांचे पाळणे, जुन्या गाद्या.

बाल्कनीचंही तसंच. शुल्क भरून बाल्कनी बंदिस्त करायची सोय नियमात होती, म्हणून उपनगरातल्या जुन्या इमारतींच्या अंगावर काचांच्या पेट्या दिसतात. पुढे आली 'फ्लॉवर बेड'. खिडकीबाहेर झाडांसाठीचा कट्टा म्हणून मंजूर, एफएसआयमध्ये न मोजलेला. ताबा मिळाला की भिंत पाडून कट्टा खोलीत. तसेच कोनाडे, पोकळ्या, सर्व्हिस डक्ट. शेवटी ६ जानेवारी २०१२ रोजी नियम बदलला. फ्लॉवर बेड, बाल्कनी, कोनाडे हे सगळं एफएसआयमध्ये मोजायचं ठरलं, आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय मिळू लागला.

म्हणून घराच्या कोपऱ्यावरून इमारतीचं वय ओळखता येतं. उंच छत आणि लाकडी पोटमाळा असेल, तर चाळीचा काळ. बाथरूमवर सिमेंटचा माळा आणि काच लावलेली बाल्कनी, तर सत्तर-ऐंशीचं दशक. खिडकीशी दोन फुटांची पायरी चढून जावं लागतं, तर फ्लॉवर बेडचा जमाना. आणि सपाट भिंत, गॅलरी नाहीच, तर २०१२ नंतरचं घर असण्याचा संभव जास्त.

पिठाची मर्यादा आणि घराची मर्यादा

आता आपल्या धर्माच्या अंगाने थोडं. पाच अणुव्रतांतलं शेवटचं परिग्रह-परिमाण. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना मर्यादा ओलांडायच्या वस्तूंची यादी येते. त्या यादीत सोनं-नाणं पहिलं नाही. पहिलं आहे क्षेत्र, म्हणजे जमीन, आणि दुसरं वास्तू, म्हणजे घर. आचार्य उमास्वामींनी मुंबईतले दर पाहिले नव्हते, तरी क्रम अगदी अचूक लावला! समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही या व्रताच्या दोषांत अतिसंग्रह आहे. आणि परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नाही, तिच्यातली ममता, हेही तत्त्वार्थसूत्रच सांगतं. बारा वर्षं न उघडलेलं खोकं 'असू दे' म्हणून परत वर सरकवतो, ती ममता.

मला तर वाटतं, साठवणीचं सगळ्यात चांगलं शास्त्र आपल्या चौक्यात आहे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. ही मर्यादा पाळणाऱ्या घरात पिठाचा मोठा डबा लागतच नाही. ओक लाकडाचा खणही लागत नाही. ओट्याच्या आंधळ्या कोपऱ्यात काय ठेवावं हा प्रश्न पडण्याआधीच सुटतो. मुनींसाठी आदाननिक्षेपण समिती सांगितली आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा नीट पाहायची, पिच्छीने मार्जन करायचं. आपण गृहस्थ, तेवढं जमणार नाही. पण त्यातून एक कसोटी मिळते. जिथे वस्तू ठेवताना आपल्याला दिसत नाही, तिथे ठेवू नये. हात घालून चाचपडत काढावं लागतं अशा खणात झुरळ आहे की नाही हे कळणार कसं?

चातुर्मासात ज्यांच्याकडे मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लागतो, त्यांनी हे अनुभवलं असेल. दोन दिवस आधी घर रिकामं होतं. पॅसेजमधलं शू-रॅक बाहेर जातं, खिडकीवरची बरणी-बाटली हलते, मधली जागा मोकळी होते, कारण महाराज उभे राहून करपात्रात आहार घेणार आणि तिथे लख्ख उजेड हवा. आपलं तेच घर, पण किती मोठं दिसतं! एका अतिथीसाठी जे करतो ते घरातल्या माणसांसाठी करायला कोणी अडवलेलं नाही.

नवीन नकाशा हातात आल्यावर

मी कॉमर्सची, म्हणून एक हिशोब मांडते. समजा आपल्या भागातला दर चौरस फुटाला २५,००० रुपये आहे. घरात तीन बाय चारची साठवणीची खोली ठेवली, तर बारा चौरस फूट, म्हणजे तीन लाख रुपये. बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला एकवीस हजार व्याज. त्या खोलीत ठेवलेल्या सगळ्या वस्तू भंगारवाल्याला दिल्या तर किती येतील, हे प्रत्येकीने मनाशी करावं. आता दुसरी बाजू. सामायिकाला आसन टाकून बसायला तीन बाय तीन पुरेत. नऊ चौरस फूट. अठ्ठेचाळीस मिनिटं शांत बसायला बाईला जागा नाही, आणि सुटकेसांना तीन लाखांची आहे. हा ताळेबंद काही जुळत नाही.

म्हणून नकाशावर बोलायची वेळ येईल तेव्हा आपण गप्प बसू नये. या काही गोष्टी विचारून घ्याव्या:

रेराच्या २०१६ च्या कायद्यानुसार कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती, डक्ट आणि आपली खासगी बाल्कनी धरत नाहीत. आतल्या भिंती धरतात. बिल्डर जो आकडा सांगतो त्यात काय आहे आणि काय नाही, ते लेखी घ्यावं.

माळा एकाच बाजूला आणि हात पोचेल इतकाच असावा. साठीनंतर स्टुलावर चढायचं नसतं. आणि जिथे घरची बाई स्वतः पोचू शकत नाही, ती जागा तिच्या कामाची नाही. देवघराच्या वर माळा नको, हे तर सांगायलाच नको.

ओट्याचा काटकोनातला आतला कोपरा महागड्या फिरत्या ट्रॉलीने भरण्यापेक्षा खालून उघडा ठेवावा. शटर नाही, फक्त एक फळी. उजेड जातो, झाडू जातो. तिथे रोज लागणारी वस्तूच ठेवावी, कधीतरी लागणारी नाही.

कपडे वाळवायच्या जागेत एक दांडी पाणी गाळायच्या फडक्यांसाठी वेगळी मागावी. ओलं गाळणं बंद बाथरूममध्ये राहिलं तर गाळण्याचा उद्देशच बुडतो.

पूर्वेच्या किंवा उजेडाच्या खिडकीजवळचे नऊ चौरस फूट नकाशावर पेन्सिलने रंगवावे आणि तिथे काहीही ठेवू नये. शो-केस नाही, बीनबॅग नाही. मिटणारं आसन, भिंतीवर स्वाध्यायाच्या ग्रंथांची एक फळी, बस्स. दुपारी नातवंडाने तिथे अभ्यास करावा, संध्याकाळी सासूबाईंनी जप करावा. चाळीतली वेळेची वाटणी पुन्हा सुरू करावी.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशेसाठ फुटांतून पाचशे फुटांत. शंभर वर्षं ज्यांनी विटांवर पलंग उचलून संसार केला, त्यांना आता स्वतंत्र खोल्या मिळाल्या याचा मनापासून आनंद वाटतो. त्यांनी जागेच्या टंचाईत माणसांना सामावून घेतलं. आपल्याला जागा मिळते आहे, तर ती आधी माणसांना द्यावी, सामानाला नंतर.

दशलक्षण पर्वात नववा दिवस उत्तम आकिंचन्याचा. त्या दिवशी घरातला एकच माळा, एकच खण उघडावा असं सुचवते. एकदम सगळं घर काढायला बसू नका. उपवासात झेपत नाही. जी वस्तू निघेल ती कोणाच्या उपयोगाची असेल तर त्याच आठवड्यात द्या. आणि रिकामी झालेली जागा लगेच भरू नका. घरातल्या कोणत्या माणसाला स्वतःचा कोपरा नाही, ते आधी बघा.

तुमच्या घरातल्या अशा जागांचं तुम्ही काय केलंत, तेही जरूर कळवा.

जय जिनेंद्र.